पडद्यामागचा स्वरलेखक : अँथनी गोन्साल्विस

१९७७ साली 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट आला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. मोठ्या अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ बच्चन, किशोरकुमारचा आवाज आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची चाल, असे ते गाणे. आमच्या भंडारा जिल्ह्यात लग्नाच्या वरातीत बँडवाले ते आजही वाजवतात आणि वऱ्हाडी त्यावर नाचतात. नाचणाऱ्यांना वाटते की हे नाव पटकथेसाठी तयार केलेले असावे. प्रत्यक्षात ते एका जिवंत माणसाचे नाव होते. गाणे गाजत होते तेव्हा तो माणूस पन्नाशीत होता आणि चित्रपटसृष्टीतून केव्हाच बाहेर पडला होता. ज्या धंद्याने त्याचे नाव घरोघरी नेले, त्याच धंद्यात त्याने बावीस वर्षे काम केले होते. त्या काळात मात्र सामान्य श्रोत्याला त्याचे नाव ठाऊक नव्हते.

भंडाऱ्याची पितळी भांडी आणि जिल्ह्यातली वाजंत्री पथके हे माझ्या अभ्यासाचे दोन विषय. दोन्हींतून फिरत फिरत मी अँथनी गोन्साल्विस यांच्यापर्यंत आलो. बँडमध्ये वाजणाऱ्या चित्रपटगीतात गायकाचा आवाज नसतो आणि शब्दही नसतात. उरते ती चाल, आणि तिच्या मागेपुढे येणारे वाद्यांचे तुकडे. ते तुकडे इतके ठसलेले असतात की बँडमास्तर त्यांतला एकही गाळत नाही; गाळला तर वरातीतले पोरसुद्धा अडवते. हे तुकडे कोण लिहीत असे, या प्रश्नाचा माग काढताना गोव्यातल्या एका गावाचे नाव पुन्हा पुन्हा समोर आले. ते गाव म्हणजे सासष्टी तालुक्यातले माजोर्डा.

चर्चमधली शाळा

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालचा. त्यांचे वडील जोझे अँतोनियो गोन्साल्विस हे माजोर्ड्याच्या 'मांय द देवस' या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख होते. अशा गुरूला गोव्यात 'मेस्त्र' या पोर्तुगीज शब्दाने ओळखत. मेस्त्राचे काम नुसते गाण्याचे नसे. रविवारची आणि सणावारांची प्रार्थनागीते बसवणे, मुलांना स्वर ओळखायला शिकवणे, व्हायोलिन हातात देणे, मिरवणुकीसाठी आणि नाटकासाठी बँड तयार करणे, मयतीला कोणते संगीत वाजवायचे ते ठरवणे, अशी सगळी जबाबदारी त्याच्यावर असे.

पोर्तुगीज सत्तेने सोळाव्या शतकापासून गोव्यात चर्चला जोडून शाळा चालवल्या. या शाळांत अक्षरओळखीबरोबर स्वरलेखनाची ओळखही होई. पाच रेघांवर मांडलेला स्वर डोळ्यांनी वाचायचा आणि तत्क्षणी गळ्यातून काढायचा, हा तिथला पहिला पाठ. त्याला 'सोल्फेज' म्हणत. आपल्याकडे गुरुजी आधी सा लावतात आणि शिष्य ऐकून लावतो. तिकडे शिष्य आधी कागद पाहतो. हा फरक दिसायला लहान आहे. त्याचा परिणाम मात्र फार लांबवर गेला. जे पोर कागद वाचू शकते, त्याला कधी न ऐकलेली रचनाही पहिल्याच बैठकीत वाजवता येते. गोव्यातली असंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या याच विद्येवर पोट भरत आली. कुणी मुंबई-कोलकात्याच्या हॉटेलांत गेले, कुणी संस्थानिकांच्या बँडांत, कुणी मूकपटांच्या थिएटरात, तर कुणी बोटींवर.

ही विद्या कुठल्या इतिहासातून आली तेही विसरता येत नाही. ज्या शतकात या शाळा उभ्या राहिल्या, त्याच शतकात सासष्टीतली देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, मंगेश पाडावापूर्वी नदीपलीकडे प्रियोळला नेला गेला. त्या देवळाच्या आसऱ्याने गोव्यातली दुसरी संगीतपरंपरा वाढली. ती कलावंतांची, कीर्तनाची, चौघड्याची आणि सनईची परंपरा. एकाच भूमीत दोन विद्या शेजारी राहिल्या, एक चर्चमध्ये आणि दुसरी देवळात. एकमेकींच्या आवारात मात्र त्या क्वचितच गेल्या.

अँथनी वडिलांच्या हाताखाली तयार झाले. ते पोरवयातच इतर मुलांना शिकवू लागले होते. कुठल्याही संगीत महाविद्यालयाची पायरी ते तोवर चढले नव्हते. घर आणि चर्च हेच त्यांचे विद्यालय होते.

युरोपातली वाट

या शिक्षणाची तुलना युरोपातल्या वादकाच्या शिक्षणाशी करून पाहण्यासारखी आहे. उदाहरण म्हणून बेल्जियम घेऊ. त्या देशाशी आमच्या भंडाऱ्याचे एक गमतीचे साम्य आहे. म्यूज नदीकाठचे दिनाँ हे गाव मध्ययुगापासून तांब्या-पितळेच्या कामासाठी नावाजलेले. इतके की फ्रेंच भाषेत अशा कामाला त्या गावावरूनच 'दिनाँदेरी' हे नाव पडले. त्या पितळेच्या गावात १८१४ साली आदोल्फ साक्स जन्मला. बाप वाद्ये बनवणारा. मुलगा ब्रुसेल्सच्या सरकारी संगीतशाळेत बासरी आणि क्लॅरिनेट शिकला, १८४२ साली पॅरिसला गेला आणि १८४६ साली त्याने सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. त्याने सुधारलेली पितळी वाद्ये फ्रान्सच्या लष्करी बँडांत गेली. लष्करी बँडांची ही युरोपीय पद्धत ब्रिटिश पलटणींबरोबर हिंदुस्थानात आली आणि छावणीतून निघून लग्नाच्या वरातीत शिरली. आज आमच्याकडे वरातीपुढे वाजणाऱ्या भोंग्याच्या वाद्यांची वंशावळ अशी पितळेच्या दुसऱ्या एका गावापर्यंत जाऊन भिडते. साक्सला वैभव लाभले नाही. तो तीनदा दिवाळखोर झाला आणि १८९४ साली वारला. त्याच्या मागे वाद्य उरले आणि त्या वाद्यात त्याचे नावही उरले.

ब्रुसेल्सची ती संगीतशाळा १८३२ पासून राजाश्रयाखाली चालत आली आहे. तिथे ओबो शिकणाऱ्या मुलाचा मार्ग आखलेला असतो. ओबो म्हणजे सनईचा युरोपीय भाऊच. दोन्हींचा आवाज दुहेरी पत्तीतून येतो, दोन्हींना दमाची अफाट तयारी लागते. ओबोचा विद्यार्थी वादनाबरोबर स्वरसंवाद, प्रतिस्वर आणि रचना शिकतो, परीक्षा देतो, बक्षीस मिळवतो. मग एखाद्या वाद्यवृंदात जागा मिळवतो आणि जमले तर स्वतःच्या रचना छापतो. त्याच्या आयुष्याच्या प्रत्येक टप्प्याची कुठेतरी नोंद राहते. कोणत्या वर्षी कोणाच्या वर्गात होता, कोणते बक्षीस मिळाले, कोणती रचना कधी प्रथम वाजली, हे शंभर वर्षांनी एखाद्याला हवे असले तरी सापडते.

याच ब्रुसेल्समध्ये १८७६ साली कोलकात्याच्या सर शौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला सुमारे शंभर भारतीय वाद्ये भेट पाठवली. पुढल्याच वर्षी तिथे वाद्यांचे संग्रहालय उभे राहिले, त्याच्या पायात या वाद्यांचा मोठा वाटा आहे. तिथले पहिले संग्रहपाल व्हिक्टर-शार्ल माहियाँ यांनी जगभरच्या वाद्यांची चार गटांत विभागणी केली. तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या आपल्या जुन्या विभागणीशी ती मिळतीजुळती आहे. म्हणजे आपली वाद्ये आणि ती लावण्याची आपली रीतही परक्या देशात नीट जपली गेली. ती वाजवणारी माणसे मात्र आपल्याच देशात नोंदीवाचून गेली. ओबोवाल्याची नोंद राहते आणि सनईवाल्याची राहत नाही, या फरकाला दोघांची कला कारण नाही.

मुंबई, १९४३

अँथनी गोन्साल्विस १९४३ साली मुंबईत आले तेव्हा त्यांचे वय सोळा होते. त्या वर्षी ते संगीतकार नौशाद यांच्या वादकांत व्हायोलिनवादक म्हणून लागले. गोवा तेव्हा पोर्तुगालकडे होता, म्हणजे कागदोपत्री हा मुलगा परदेशातून नोकरीला आलेला. पण मुंबईत गोव्याच्या माणसाला आधार होता. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गावागावांचे 'कूड' होते. गावच्या माणसाने तिथे उतरावे, पेटी ठेवावी, सणाला एकत्र प्रार्थना करावी आणि कामाची बातमी ऐकावी, अशी सोय होती.

काम होते. त्या दशकात चित्रपटाचे संगीत झपाट्याने बदलत होते. सुरुवातीच्या बोलपटांत पेटी, तबला, सारंगी, एखादे व्हायोलिन एवढ्यावर भागत असे. पार्श्वगायन रुळले, ध्वनिमुद्रण सुधारले आणि वाद्यांचा ताफा वाढत गेला. वीस व्हायोलिने एकदम वाजवायची तर वीस जणांना एकच गोष्ट एकाच वेळी कळली पाहिजे. कानाने शिकलेल्या वीस जणांना ती पाठ होईस्तोवर दिवस जातो, आणि स्टुडिओचे भाडे तर तासावर चालते. कागद वाचणारे वीस जण ती पहिल्या वाचनात वाजवतात. चर्चमधल्या सोल्फेजला मुंबईच्या बाजारात किंमत आली ती या साध्या हिशोबामुळे.

याच लाटेत गोव्याचे अनेक वादक चित्रपटात आले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी वाद्यमेळ लिहिला. आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हे आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर होते, 'अलबेला'तल्या तुतारीचा झणझणीत बाज आठवला की त्यांचा हात ओळखू येतो. फ्रँक फर्नांड यांनी तर पुढे 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट काढले. अँथनी गोन्साल्विस या मंडळींत वयाने लहान, पण रचनेची ओढ असलेले. १९४० आणि ५० च्या दशकांत त्यांनी नौशाद, श्यामसुंदर, गुलाम हैदर, सचिनदेव बर्मन, मदनमोहन, सलिल चौधरी अशा संगीतकारांबरोबर काम केले. 'महल', 'ढोलक', 'नया दौर', 'प्यासा' या चित्रपटांच्या संगीताशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

मांडणीकार म्हणजे कोण

इथे थोडे थांबून हे काम नेमके काय ते सांगायला हवे, कारण त्यावाचून अँथनी गोन्साल्विस यांची थोरवी कळणार नाही.

संगीतकार पेटीवर चाल बांधतो. ती त्याच्या गळ्यात असते आणि साहाय्यक ती सरगमात उतरवून घेतो. गायकाची तालीम तिच्यावर होते. पण तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यात गायकाचा वाटा साधारण निम्मा ते दोन तृतीयांश. उरलेल्या जागेत सुरुवातीचे वादन असते, दोन कडव्यांमधले तुकडे असतात आणि गायकाच्या ओळीमागे हळूच चालणारी दुसरी ओळ असते. ही जागा मांडणीकार भरतो. कुठे व्हायोलिनांचा झोत सोडायचा, कुठे एकटी बासरी ठेवायची, चेलो खालून काय धरून ठेवील, गायक श्वास घेतो तेवढ्यात कोणते वाद्य उत्तर देईल, हे तो ठरवतो आणि प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद लिहितो. वादक आले की कागद वाटले जातात, दोन-तीन वाचने होतात आणि ध्वनिमुद्रण सुरू होते.

पडद्यावर श्रेयनामावली येते तेव्हा 'संगीत' या शब्दापुढे एकच नाव असते, फार तर दोन. मांडणीकार 'साहाय्यक' म्हणून खाली कुठेतरी, बरेचदा तेवढेही नाही. संगीतकारांनी त्यांना लुटले असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. चाल ज्याची त्याचे गाणे, अशी त्या धंद्याची समजूत होती आणि मांडणीकारांनीही ती बहुधा मानली होती. पण आज ती गाणी ऐकताना आपण जे गुणगुणतो त्यात चालीइतकेच ते तुकडेही असतात, ही गोष्ट खरी आहे. न्यूझीलंडमधले संगीत अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी अनेक जुन्या वादकांना भेटून २००८ साली मुंबईच्या स्टुडिओ-वादकांचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा कुठे या मंडळींची कहाणी अभ्यासाचा विषय झाली. मुंबईचे पत्रकार नरेश फर्नांडिस यांनीही गोव्याच्या वादकांवर आणि खुद्द अँथनी गोन्साल्विस यांच्यावर आस्थेने लिहिले.

कामाच्या धबडग्यात अँथनी शिकवतही होते. त्यांच्या शिष्यांतली दोन नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. एक राहुलदेव बर्मन, दुसरे प्यारेलाल शर्मा. प्यारेलाल हे तुतारीवादक पंडित रामप्रसाद शर्मांचे चिरंजीव. आठव्या वर्षी त्यांनी व्हायोलिन हाती घेतले आणि अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे ते शिकू लागले. रोज आठ-आठ, दहा-दहा तास रियाज करणारा तो मुलगा घरची परिस्थिती बेताची असल्याने लहान वयातच स्टुडिओत कमाईला लागला. पाश्चात्त्य स्वरलेखन आणि हिंदुस्थानी राग या दोन्हींत सहज वावरणारा संगीतकार म्हणून त्यांची पुढे ख्याती झाली. त्यांच्या वाद्यमेळाची भव्यता हे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांचे लक्षणच ठरले. माजोर्ड्याच्या मेस्त्राची विद्या अशी मुलातून शिष्यात आणि शिष्यातून कोट्यवधी श्रोत्यांत उतरली.

झेवियर्सच्या प्रांगणात

चित्रपटाचे काम हे अँथनी गोन्साल्विस यांचे पोटाचे साधन होते. त्यांची इच्छा वेगळी होती. मुंबईत येऊन त्यांनी हिंदुस्थानी संगीत कान देऊन ऐकले आणि राग त्यांच्या मनात बसला. चर्चमध्ये शिकलेला स्वरसंवाद आणि हा राग एकत्र नांदू शकतील का, या प्रश्नाने त्यांना धरले. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ते या दिशेने स्वतंत्र रचना करू लागले. 'सोनातिना इंडियाना' आणि सारंग रागातला कंचेर्तो या त्यांपैकी दोन.

ही अडचण किती खरी आहे ते सारंगावरूनच दाखवता येईल. वृंदावनी सारंगात गंधार आणि धैवत वर्ज्य. सा, रे, म, प आणि दोन्ही निषाद एवढेच स्वर. युरोपीय स्वरसंवादाचा पाया तीन स्वरांच्या जुळणीवर आहे : मूळ स्वर, त्याचा गंधार आणि त्याचा पंचम. षड्जावर अशी जुळणी करायची तर गंधार लागतो, आणि गंधार लावला की सारंग मोडतो. म्हणजे ज्या षड्जावर रागाने विसावायचे, तिथेच युरोपीय वाद्यवृंदाचा पाय हवेत राहतो. पंचमावर मात्र प, नि, रे अशी जुळणी मिळते. कोमल निषादावर नि, रे, म अशीही मिळते. रचनाकाराने या मिळणाऱ्या जागा धराव्यात, न मिळणाऱ्या जागी मोकळे चौथे-पाचवे स्वर ठेवावेत, आणि तरी शंभर वाद्ये रागाच्या गळ्यावर बसू देऊ नयेत. एका सारंगाची ही कथा. प्रत्येक रागाचे कुलूप वेगळे आणि किल्लीही वेगळी करावी लागते. चर्चच्या शाळेतून आणि स्टुडिओच्या तासिका कामातून आलेल्या माणसाने हा प्रश्न अंगावर घेतला, हे धाडस लहान नव्हते.

१९५८ साली त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. मुंबईत युरोपीय धर्तीचे वाद्यवृंद त्याआधीही होते. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापला होता. त्याआधी वॉल्टर कॉफमन या बोहेमियातून आलेल्या संगीतकाराने कक्षसंगीताची मंडळी जमवली होती. ते वाद्यवृंद मुख्यतः युरोपीय रचनाकारांचे संगीत वाजवत. अँथनी यांच्या वाद्यवृंदाने वाजवायचे होते भारतीय रागांवर रचलेले संगीत, आणि वाजवणारे होते बहुतांशी चित्रपटाच्या स्टुडिओंत राबणारे वादक. सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात कार्यक्रम झाला. शंभराहून अधिक वादक होते, आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे.

या प्रसंगाचे एक महत्त्व मला मराठी वाचकांसमोर मुद्दाम ठेवावेसे वाटते. लताबाई या मास्टर दीनानाथांच्या कन्या, दीनानाथ मंगेशीचे. ज्या मंगेशाला सोळाव्या शतकात आपले मूळ स्थान सोडावे लागले, त्याच्या देवळाच्या परिसरात त्यांचे घराणे वाढले. आणि समोर वाद्यवृंद चालवणारा होता त्याच शतकात रुजलेल्या चर्चपरंपरेतल्या मेस्त्राचा मुलगा. गोव्याच्या दोन आवारांतल्या दोन विद्या त्या प्रांगणात एका व्यासपीठावर आल्या. त्यासाठी मुंबई लागली, चित्रपटाचा धंदा लागला आणि स्वतःच्या हौसेसाठी पदरमोड करायला तयार असलेला एक माणूस लागला. गोवा मुक्त व्हायला तेव्हा अजून तीन वर्षे होती.

शंभर वादकांचा वाद्यवृंद पदरमोडीवर किती काळ चालणार? युरोपात अशा वृंदाला नगरपालिका, सरकार किंवा आकाशवाणी पोसते. आपल्याकडे राजाश्रय सरला होता. लोकाश्रय होता तो एकेकट्या गायक-वादकाला आणि चित्रपटाला. स्टुडिओचा दिवसाचा रोजगार बुडवून तालमीला येणारा वादक दुसऱ्यांदा येईल, दहाव्यांदा येणार नाही. अँथनी गोन्साल्विस यांच्या स्वप्नाला कलेपेक्षा या व्यवहाराने जास्त अडवले, असे माझे मत आहे. भारताला स्वतःचा पूर्णवेळ व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद मिळायला २००६ साल उजाडले. तोही मुंबईतच, नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात.

सिराक्यूज आणि परत माजोर्डा

१९६५ साली अँथनी गोन्साल्विस यांना अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज विद्यापीठाची प्रवासवृत्ती मिळाली. चित्रपटसृष्टी सोडून ते तिकडे गेले. वय अडतीस. ज्या वयात इतर वादक बस्तान बसवून घरे घेत होते, त्या वयात हा माणूस चालते काम टाकून पुन्हा शिकायला निघाला. तेथून परतल्यावर त्यांनी मुंबईच्या स्टुडिओंची वाट धरली नाही. ते माजोर्ड्याला गेले आणि तिथेच राहिले.

मग आले १९७७ साल. चित्रपटातल्या नायकाचे नाव आधी अँथनी फर्नांडिस असे ठरले होते. गाणे बसवताना प्यारेलाल यांना आपल्या गुरूंची आठवण झाली आणि फर्नांडिसचे गोन्साल्विस झाले. शिष्याने गुरूला दिलेली ही दक्षिणा. ती देताना शिष्याच्या मनात निखळ आदर होता, यात शंका नाही. पण दैवाचा खेळ असा की नाव गेले पडद्यावरच्या दारू गाळणाऱ्या रांगड्या नायकाला, आणि वाद्यवृंद लिहिणारा खरा अँथनी त्या हशा-टाळ्यांत आणखीच अदृश्य झाला. नावाला कीर्ती मिळाली आणि त्या नावाच्या माणसाला मिळाली नाही, असे उदाहरण आपल्या संगीताच्या इतिहासात दुसरे सापडणे कठीण.

उतारवयात त्यांची आठवण पुन्हा जागवली गेली. आपले मराठी चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. त्यामुळे निदान अभ्यासकांपुढे त्यांचा चेहरा आला. १८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यात त्यांचे निधन झाले.

कागदांचे काय झाले

हे चरित्र सांगून झाले की हाती काय उरते? गाणी उरली आहेत, ध्वनिमुद्रिका आहेत. पण कागद? मुंबईच्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रण संपले की वाद्यवृंदाच्या कागदांचे काम संपे. ते जपावेत अशी रीत नव्हती, कारण गाणे पुन्हा मैफलीत वाजायचे नव्हते. ते तबकडीत बंद झाले होते. हजारो गाण्यांची अशी हस्तलिखिते रद्दीत गेली. आज कुणाला ती गाणी वाद्यवृंदासह सादर करायची असली तर तबकडी ऐकून एकेक वाद्य पुन्हा उतरवून घ्यावे लागते. ज्या मंडळींचे सगळे बळ लिहिण्यात होते, त्यांचेच लिखाण टिकले नाही.

मी हे भंडाऱ्यात बसून का लिहितो, त्याचे उत्तर इथे आहे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचे केंद्र. रात्रभर चालणाऱ्या या नाटकांना रंगमंचापुढे बसून वाजवणारा जिवंत ताफा लागतो. लग्नसराईत गावोगावची बँडपथके निघतात. काही गावांत सनई-डफडे अजून ऐकू येते. यांतल्या बँडमास्तरांकडे आणि ऑर्गनवाल्यांकडे वह्या आहेत. कुणी सरगम लिहिली आहे, कुणी स्वतःच्या खुणा केल्या आहेत, कुणी गाण्याच्या पहिल्या शब्दाखाली पट्टीचा आकडा टाकून ठेवला आहे. एका गाण्यातले तुकडे पाच-सहा वाद्यांत कसे वाटायचे, याचे शहाणपण त्या वह्यांत आहे. सनईवाल्यांकडे तर वहीही नाही; जे आहे ते बोटांत आणि दमात. ब्रुसेल्सच्या ओबोवाल्याने कोणते बक्षीस कधी मिळवले ते सापडते. आमच्या सनईवाल्याचे आजोबा कोणाकडे शिकले हे त्याच्या नातवालाही सांगता येईनासे झाले आहे. त्याला सोहळ्यात बोलावतात, दाराबाहेर बसवतात आणि सोहळ्याच्या आठवणीत त्याचे नाव लिहीत नाहीत. ही उपेक्षा जातीने आली, आणि जात थोडी सैल झाली तेव्हा ती ध्वनिवर्धकाने पुढे चालवली.

स्टील आले तशी पितळेची भांडी घराघरांतून गेली. ती मोडीत विकली गेली तेव्हा निदान वजनाचे पैसे मिळाले. वह्यांना तेवढाही भाव नाही. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती जपावी, तिच्यावर लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि साल घालावे, आणि जवळच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठात तिची छायाचित्रे द्यावीत. यासाठी संशोधक असावे लागत नाही. जिल्ह्यातली महाविद्यालये मनावर घेतील तर एका हंगामात पन्नास वादकांच्या मुलाखती सहज होतील. कोण कोणाकडे शिकला, कोणते वाद्य कुठून आणले, मजुरी कशी ठरत असे, कोणत्या प्रसंगाला काय वाजे, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुष्कळ काही हाती लागेल.

अँथनी गोन्साल्विस यांच्या कारकिर्दीतून मी घेतलेला बोध असा आहे. खेड्यातल्या चर्चमध्ये बापाने मुलाला नीट शिकवले, एवढ्या भांडवलावर तो मुलगा देशाच्या संगीताचा आवाज बदलू शकला. शिक्षण गावात मिळू शकते आणि गुणवत्ता गावात असते. गावाबाहेर जे उभे करावे लागते ते म्हणजे त्या गुणाला पोसणारी व्यवस्था आणि त्याची नोंद ठेवणारे हात. पहिली गोष्ट सरकारे आणि संस्थांच्या हातची आहे, दुसरी आपल्यापैकी प्रत्येकाच्या. यंदाच्या लग्नसराईत वरातीपुढे ते गाणे वाजेल तेव्हा नाचणाऱ्याला निदान एवढे ठाऊक असावे की या नावाचा एक माणूस होऊन गेला आणि तो सारंगाला शंभर वाद्यांवर बसवू पाहत होता. आणि वाजवणाऱ्याचे नाव काय, हे त्याने त्या रात्री विचारून घ्यावे.